पाल्हाळ म्हणून कापलेला रस्ता

जमलेल्या सर्वांना नमस्कार. सुवर्णाच्या आई, तुम्ही पुढंच बसलाय. तुमच्याकडं बघून मला बोलता येणार नाही, म्हणून त्या खिडकीकडं बघून बोलतो. आयुष्यभर मराठी शिकवली, वर्गात शब्द कधी अडला नाही. आज अडतोय. सांभाळून घ्या.

सुवर्णा माझी विद्यार्थिनी. अंथुर्ण्याहून सायकलवर भवानीनगरला शाळेत यायची. पुढं बारामतीत नोकरी करता करता तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, रेश्मानं, कॉम्प्युटरवरचा एक गेम रचला. चित्रं रेश्माची, बाकी सगळं हिचं. राक्षस, यक्ष, शापानं झोपलेलं नगर. दोन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "सर, खेळून बघा. गुणदोष सांगा. निबंध तपासायचा तसा तपासा." मी दोष तेवढे लिहून दिले. गुण नंतर सांगू म्हटलं. मग तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. ते गुण आज सांगतो.

या गेममध्ये तलवार नाही. दार उघडायचं तर मंत्र वृत्तात म्हणायचा. लघूला कीबोर्डवर बोट हलकं टेकवायचं, गुरूला दाबून धरायचं. वर्गात मी बाकावर टिचक्या मारून गण शिकवायचो, तेच हे. पोरं हसायची. ही मोजत होती.

दोषही आहेत. राक्षस पळता पळता भिंतीत अडकतो. यक्ष दर वेळी तोच एक प्रश्न विचारतो. मी म्हणालो, "यक्षाला विसरायला होतं का गं?" तर म्हणाली, "सर, तुमी तरी दरवर्षी दुसरं काय विचारत होता?"

आणि एक दोष मी लाल शाईनं लिहिला. नगराच्या आधी एक रस्ता होता. दोन्ही बाजूंना ऊस. माणूस नाही, राक्षस नाही. दोन मिनिटं नुसतं चालायचं. मी लिहिलं, 'पाल्हाळ. कापावा.' तिनं त्या कागदाची घडी घातली. "व्हय सर," म्हणाली. आणि कापला.

परवा रेश्मा घरी आली होती. म्हणाली, "सर, रस्ता काढला तसं आमच्यासाठी खेळून बघणारी माणसं दारातच अडकत्यात. मंत्र कुणालाच जमत न्हाय." मग तिनं सांगितलं, तो रस्ता अंथुर्ण्याचा होता. सायकलवर एकटी येताना सुवर्णा पायडलच्या ठेक्यावर शाळेतली कविता पाठ करायची. गेममध्येही पावलांचा ठेका त्या मंत्राच्या वृत्ताचाच होता. चालता चालता मंत्र बोटांत उतरायचा.

मित्रहो, जन्मभर मी ठेका शिकवला. तिचा ठेका मला ऐकू आला नाही. असं कसं झालं?

माझ्या कॉम्प्युटरवर अजून जुनाच गेम आहे. नवा कसा घ्यायचा ते मला येत नाही. रोज दुपारी मी त्या रस्त्यानं चालतो. घरात दुसरं कुणी नाही. रस्त्यावरही कुणी नाही. पण आता ठेका ऐकू येतो.

रेश्मा, तू म्हणालीस, सुवर्णानं तो रस्ता पार पुसून टाकला. मग माझ्याकडचा बघ आणि पुन्हा बांध. गेम लोकांपुढं जाण्याआधी बांध. माझा शेरा मी इथं, सगळ्यांसमोर खोडतो आहे.

आता उभे राहू या. शोकसभेत दोन मिनिटं शांत राहतात. तो रस्ता चालायलाही तेवढाच वेळ लागतो. मनातल्या मनात चालू या. कुणी घाई करू नका.