जुळलं म्हणजे कळलं नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी, नदीकाठच्या वस्तीतून आवर्जून आलेली मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती आमचे मिस्त्रीकाका व काकू,

काकांनी तेहेतीस वर्षं आपल्या शेडमध्ये वाळू-सिमेंटच्या नद्या, म्हणजे खऱ्या नद्यांच्या छोट्या प्रतिकृती, बांधल्या. त्यातल्या एकीची हकिकत सांगते. त्यात माझी फजिती आहे. पण आज ती लपवून कसं चालेल?

वस्तीची संरक्षक भिंत दोनदा कोसळली होती. मी तेव्हा नवी इंजिनिअर. नऊ वर्षांच्या नोंदी घेऊन मी संगणकावर गणित मांडलं. पूर मोठा त्या वर्षी भिंत खचली, अगदी तंतोतंत! म्हणजे कारण पूर. पूर थांबवता येत नाही, तेव्हा एकशे चाळीस घरं हलवा, असा अहवाल मी लिहिला आणि मोठ्या तोऱ्यात काकांना दाखवायला गेले.

काका म्हणाले, "ताई, जुळलंय झकास. पण पूर आला आणि तरी भिंत उभी राहिली, असं करून दाखवता येईल का यात?"

मला झोंबलं. म्हटलं, "काका, तुमची नदी चाळीस फुटांची, वाळू चाळलेली. खोटी नदी ती!"

"खोटीच आहे," ते हसले. "खरी आख्खी इथे आणली असती, तर तिथल्यासारखी इथेही कळली नसती."

त्यांनी शेडमधल्या आमच्या नदीच्या प्रतिकृतीत पूर सोडला. भिंतीच्या पायाशी खड्डा पडला. मग वरच्या वळणावरचा होड्या लागायचा जुना, वापरात नसलेला धक्का त्यांनी हाताने उचलला आणि तेवढंच पाणी पुन्हा सोडलं. खड्डा नाही! मी ओरडलेच.

"थांबा, आता परत लावू." धक्का लावला, खड्डा पडला. काढला, भरला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याच हातांनी लावून काढायला लावला. धक्क्याला आपटून वळणारी धार पाया कोरत होती. कारण म्हणजे काय, हे मला पुस्तकांनी नव्हे, त्या ओल्या वाळूने शिकवलं. अहवाल मी तिथेच फाडला.

नदीतला धक्का काढू या म्हटल्यावर आमचे साहेब मात्र कडाडले, "वाळूच्या खेळावर मी एवढी घरं ठेवू?" (ते साहेब आज अध्यक्षस्थानी आहेत आणि हसताहेत, म्हणून सांगायचं धाडस!)

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी धक्का हलवून बघा. घरं काय, नंतरही हलवता येतील."

नदीतला खरा धक्का काढला. आणि पुढच्याच वर्षी नोंदीतल्या सगळ्या पुरांहून मोठा पूर आला. माझ्या गणिताप्रमाणे भिंत जायलाच हवी होती. तीन दिवस आम्ही काठावर जीव मुठीत धरून उभे होतो. पाणी ओसरल्यावर मोजणीदाराने वजन बांधलेली दोरी पायाशी सोडली आणि हर्षाने हाक दिली, "खड्डा नाही! उलट गाळ साचलाय!" वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी गाठोड्यात बांधलेलं मशीन सोडलं आणि तिथेच दारात मांडलं.

तेव्हापासून सहा पूर आले. भिंत उभी आहे. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस घरं जागच्या जागी आहेत, आणि त्यातली निम्मी माणसं आज या सभागृहात बसली आहेत!

काका, जरा उभे राहा. सगळ्यांना तुम्हाला डोळे भरून बघू द्या.

आपण माझं शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. आनंदाच्या भरात काही अधिकउणं बोलले असेन, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर उदार मनाने पदरात घ्यावं. पण टाळ्यांमध्ये मात्र आज काटकसर नको!