मार्थाबाई फरशीवर बसायच्या

बंधूंनो, भगिनींनो, आणि मार्थाबाईंच्या ओढीनं आज चर्चच्या दारात जमलेल्या गावकऱ्यांनो,

बोलायला उभा राहिलोय, पण बोलणं जड जातंय. शोकसभेत चार गोड शब्द बोलावेत, घरच्यांना धीर द्यावा आणि खाली बसावं, अशी रीत आहे. मला आज खाली बसता येणार नाही. का, ते सांगतो.

माझ्याआधी जे बोलले, ते म्हणाले की मार्थाबाई पवित्र जीवन जगल्या. शमुवेलराव, तुम्ही तर डोळे पुसलेत. चर्चचा कारभार बघणारे, या मंडळीचे तुम्ही वडील. मग मला एवढं सांगा, या पवित्र बाईला प्रभुभोजनाला बसू का दिलं नाही? मिश्री लावायची म्हणून. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो, असलं तोंड प्रभूच्या प्याल्याला लागू नये, असं तुम्ही ठरवलंत.

वास. मलाही वासाबद्दलच बोलायचंय. या चर्चमध्ये वास येतोय, आणि तो मिश्रीचा नाही.

तुम्ही ज्या सतरंजीवर बसलाय तिच्याकडे बघा. लाल-निळ्या पट्ट्यांची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ही कुणाची, हे इथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक आहे. लहानांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. गावात रसूलसाब नावाचे गृहस्थ होते. लग्नकार्याला पेट्रोमॅक्स आणि सतरंज्या भाड्यानं द्यायचे. मराठ्यांची लग्नं, मुसलमानांची लग्नं, आपली लग्नं, सगळी त्यांच्याच सतरंजीवर लागली. नाताळात ही मोठी सतरंजी ते स्वतः खांद्यावर टाकून आणायचे आणि भाडं घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुमारे ईसा हमारे बी पैगंबर हैं."

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. आनंद झाला, व्हायलाच हवा होता. रझाकारांनी कुणाला सुखानं जगू दिलं होतं? पण रसूलसाबांनी कधी कुणावर काठी उचलली होती का? त्यांना मारलं. त्यांचं घर धुऊन नेलं. त्यांची बायको चांदबी पदराखाली दोन पोरी घेऊन चुडाव्याला भावाच्या घरी गेली. लुटीचं सगळं जिरलं. दिवे जिरले, भांडी जिरली. ही सतरंजी मात्र लुटणाऱ्याच्या गळ्यात अडकली. एवढी मोठी, साऱ्या गावाच्या ओळखीची. घरात अंथरता येईना, बाजारात नेता येईना. मग त्यानं ती देवाला दिली.

आणि या मंडळीनं ती घेतली. शमुवेलराव, तुम्ही उभं राहून तिच्यासाठी आभाराची प्रार्थना केलीत.

त्या रविवारी मार्थाबाई दारात आल्या आणि थांबल्या. हे मला एकानं नाही, अनेकांनी सांगितलंय, आणि सांगताना प्रत्येक जण हसला. बाई म्हणाल्या, "ही रसूलची हाय."

शमुवेलराव म्हणाले, "मार्थाबाई, आता ही देवाची हाय."

"देव कवापासून चोरीचा माल घ्यायलाय?"

झालं. त्या दिवसापासून बाई दाराजवळच्या उघड्या फरशीवर बसल्या. थंडीत बसल्या, गुडघे धरले तरी बसल्या. तुम्ही काय म्हणालात? "लय पवित्र झाली, आधी मिश्री सोड म्हणावं." मग त्यांचं प्रभुभोजन बंद झालं. तेव्हाही त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मिश्रीचं पाप माजं हाय, त्याचा जबाब मी देईन. सतरंजीचा तुमी द्या."

मी परभणीचा. महिन्यातून एकदा इथं उपदेश करायला येतो आणि या दगडी ओट्यावर उभा राहतो. खाली काय अंथरलंय, मला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या नाताळात मी देवाच्या भयावर बोललो. चांगलं बोललो, असं मलाही वाटलं. बाहेर मार्थाबाईंनी गाठलं. "मास्तर, भय लय चांगलं सांगितलंत. पन एकदा पायाखाली बगून सांगत जा."

मग आत नेऊन दाराजवळच्या फरशीवरच बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं. चुडाव्याला जाऊन आल्याचंही सांगितलं. चांदबीची धाकटी पोर आता लग्नाची झाली, याच महिन्यात तिचा निकाह आहे. मार्थाबाईंच्या मनानं घेतलं होतं की बापाची सतरंजी पोरीच्या लग्नाला पोचली पाहिजे. ज्या माणसानं साऱ्या गावाच्या लग्नांना बैठक दिली, त्याच्या पोरीचे पाहुणे कशावर बसणार? चांदबी काय म्हणाली ठाऊक आहे? "रहने दो बहन. अल्ला के घर में ही बिछी है ना."

मी हे शमुवेलरावांना सांगितलं. वाटलं, माणूस विरघळेल. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग मिटलंच की, मास्तर. मालकिणीनंच राहू द्या म्हटलंय."

ऐकलंत? जिचं घर लुटलं ती आपल्या देवाचा मान राखते, आणि आपण तिच्या तोंडचा शब्द पावती म्हणून खिशात घालतो. मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय, जुन्या राजांचे अन्याय वाचलेत. पण त्या एका वाक्यानं जी शिसारी आली, ती कुठल्या पानावर आली नव्हती.

मार्थाबाईंना मी ते वाक्य सांगितलं. त्यांनी जरा वेळ तोंडातली मिश्री घोळवली आणि म्हणाल्या, "तिनं माफ केलं, ते तिचं मोठेपन. आपलं फेडायचं कसं काय चुकलं?"

आणि मग त्या गेल्या. अंत्यविधीला मी धावत आलो. दारातून आत पाहिलं, तर तुम्ही त्यांना कुठं ठेवलं होतं? या सतरंजीवर. अगदी मधोमध. फुलं वाहिली होती. मान दिला म्हणता? जी बाई जिवंतपणी हिच्यावर बोटभर टेकली नाही, तिला तुम्ही मेल्यावर हिच्यावर झोपवलंत, कारण मेलेल्या माणसाला उठता येत नाही. हा मान नव्हे. ही जबरदस्ती आहे. मी तिथंच बोलायला तोंड उघडलं होतं. पण शब्द गिळले, कारण समोर तिची माणसं रडत होती. आज गिळणार नाही.

आपण देवाला भितो का हो? आपली पोरं बायबलातल्या, लुटीचा झगा तंबूत पुरून ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट पाठ म्हणतात. त्यानं निदान लपवला होता. आपण पसरला, आणि त्यावर गुडघे टेकले. आपण भितो ते सतरंजी देणाऱ्याला. तो गावातला वजनदार माणूस. ती परत गेली की त्याची चोरी उघडी पडेल, म्हणून भितो. त्याला भ्यायचं आणि देवाला गाणी म्हणून दाखवायची. बिडी नको, तमाशा नको, मिश्री नको, या वरवरच्या धुण्याला पवित्र जीवन म्हणायचं. निजाम गेला, हैदराबाद राज्यही गेलं, आता मुंबई राज्य आलं. सगळं हललं. ही सतरंजी हलली नाही.

कुणी म्हणेल, आता ती झिजली, डाग पडले, अशी कशी न्यायची? तशीच न्यायची. डाग आपल्या पायांचे आहेत. नेणाऱ्यानं ते दाखवायचे आणि मान खाली घालायची.

मार्थाबाई काही देवदूत नव्हत्या. झरी गावच्या माहेराचा ठसका होता, जिभेला धार होती, आणि मिश्री शेवटपर्यंत सुटली नाही. पण देव बघतोय, हे त्यांना खरंच वाटायचं. भय म्हणतात ते एवढंच. बाकीच्यांना मी ते वाटताना पाहिलेलं नाही. आज पाहायचंय.

बाहेर त्यांचा पुतण्या याकोब बैलगाडी जुंपून उभा आहे. चुडावा लांब नाही. निकाह व्हायचाय अजून. मी गाडीबरोबर जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येतं, ते मी विचारत नाही.

आता मौन पाळायचंय. मार्थाबाईंसाठी, आणि ज्यांच्यासाठी या चर्चमध्ये कधी मौन पाळलं गेलं नाही त्या रसूलसाबांसाठी. हिच्यावर बसून ते पाळता येणार नाही. उठा. बायांनो, पोरांना उचला. दाराकडे सरका, उघड्या फरशीवर उभे राहा. शमुवेलराव, ते टोक तुम्ही धरा, हे मी धरतो. आधी गुंडाळू.

मग गप्प उभे राहू.