दादाच्या दारातली हलगी

न्हाई, पण वाजवायचीच हुती तर हलगी धड तालात तरी वाजवायची ना! तुमाला सांगतो, आमी बँडवाली मानसं, आमच्या दारात येऊन बेताल हलगी... आन् ती बी कधी, तर दादाच्या प्रार्थनेच्या दिवशी! दादा म्हंजे माझा थोरला भाऊ, डेव्हिड. ट्रम्पेट वाजवायचा. सोनई गावच्या वरातीत असा सूर लावायचा का नवरदेवाची घोडी पुढं सरायची न्हाई, ऐकत उभी ऱ्हायची. छातीत कळ आली म्हणला, पानी दे म्हणला, मी पानी आनंस्तवर... जाऊ द्या.

तर अंगनात मंडप, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थनेत, मेरीवैनी भिंतीला टेकून, आन् गल्लीच्या तोंडाशी हलगी सुरू झाली. आता आमच्यात रीत अशी हाय, वाजवनारा गेला का बाकीचे वाजवनारे येऊन त्याला वाजवून निरोप देत्यात. दादाच्या मातीला कुनीच आलं न्हवतं, लग्नसराई हुती, सगळे सुपारीला अडकलेले. दादाला बिनवाजवता पुरला, ते मनाला लई लागलं हुतं. म्हणलं, आले! उशिरा का हुईना, आले! मला इचार करायची सवय न्हाई, चौथीतून शाळा सोडली ती बी अशीच... खुंटीवरचा दादाचा ट्रम्पेट काढला, पळत भाईर गेलो आन् हलगीच्या जोडीनं दिलं की फुकून दादाचं आवडतं गानं! गल्ली जमली. म्हाताऱ्या रडायला लागल्या. मी बी रडतोय, फुकतोय, हलगीवाल्या छगननानाला डोळ्यानं खुनावतोय, वाढव, वाढव!

तर छगननानानं हलगी खाली केली आन् बारीक आवाजात म्हणला, "नोहा, बाळा, थांब रं. आमी वसुलीला आलोय."

वसुलीला!

मागनं मच्छिंद्र पुढं आला, पतसंस्थेचा वसुलीवाला. दादानं बँडच्या गाडीसाठी, ती दिव्यांची, भोंग्यांची गाडी असती ना, तिच्यासाठी कर्ज काढलं हुतं. हप्ते थकले हुते.

"कर्जदार कुठाय?"

म्हणलं, "कबरीत."

"बरं. जामीनदार?"

"मीच." दादा म्हणला हुता सही कर, केली.

"मग तुमच्यासाठी वाजवतो. हान रं छगन."

"अहो, घरात प्रार्थना चालू हाय!"

"पद्धत हाय," म्हणला. "थकबाकीदाराच्या दारात हलगी, ही संस्थेची पद्धत हाय."

म्हणलं, मग राधाकृष्ण शेठच्या दारात का न्हाई वाजत? गावाला ठावं हाय, त्यांच्या मंगल कार्यालयाचं कर्ज एवढं, का त्यात जिल्ह्यातल्या समद्या बँडवाल्यांच्या गाड्या येत्याल. तर मच्छिंद्र इकडंतिकडं बघून म्हणतो, "शेठचं थकलेलं न्हाई. शेठ अडचणीत हायती." ऐकलं का? आमी थकतो, शेठ अडचणीत येत्यात! "आन् फाटकापासून त्यांचं घर लई लांब. आत हलगी ऐकूच जात न्हाई." आमचं घर गल्लीला चिकटलेलं, त्यो बी आमचाच गुन्हा! पद्धत हाय!

डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी गेलो संस्थेत भांडायला, तर दारात बँड! दादाचेच जोडीदार हो! छगननाना बी उभा, आन् आज ताल कसा, दगडासारखा पक्का. काल लाजेनं हात चालत न्हवता बिचाऱ्याचा. म्हणलं, आज कुनाची वसुली? तर शेठचा सत्कार! शेठनं कर्ज मिटवलं. म्हंजे कसं, व्याज माफ, मुद्दल बी बरंच माफ, उरलं ते भरलं, म्हणून शाल, नारळ, फेटा! चेअरमन भाषनात म्हणत्यात, "शेठसारखे कर्जदार हेच आपल्या संस्थेचं वैभव!" टाळ्या! मी बी वाजवल्या. हात आपोआप उठले, काय करनार...

मग मच्छिंद्राला गाठलं. "आमचं बी करा की थोडं माफ. मानूस गेलाय आमचा." जरा वरमला तो. वाईट न्हाई हो मानूस, चहा पाजला मला. म्हणला, "नोहा, लहान खात्याला माफी बसत न्हाई. पद्धत हाय. आन् ते... कालच्या हलगीची बिदागी तुमच्याच खात्यावर टाकलीय."

"काय? दारात येऊन हलगी तुमी वाजवायची, पैसे आमी द्यायचे?"

"वसुलीचा खर्च कर्जदाराकडं. पद्धत..."

"हाय," मीच म्हणलं.

घरी येऊन वैनीला सांगितलं. वाटलं, रडंल. ती ट्रम्पेट पुसत बसली हुती, पुसतच ऱ्हायली. मग म्हणली, "म्हंजे भावजी, ती हलगी आपुनच लावली हुती?"

व्हय की!

तवापास्नं मी बी तेच धरून बसलोय. कुनी इचारलं तर ताठ मानेनं सांगतो, दादाला आमी बिनवाजवता न्हाई धाडला. हलगी लावली, ट्रम्पेट फुकला, गल्ली गोळा केली. आता सगळं उधारीवर हाय, व्याज चालू हाय... पन वाजवून धाडला.