सारससाठी हातभर लेन्स

गोंदियातल्या त्या फोटो स्टुडिओत नंदाबाई पासपोर्ट साइजच्या फोटोंची वाट पाहत बाकड्यावर बसल्या होत्या. काउंटरपाशी एक नवरा-बायको उभे होते. कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यात, पिशवी बायकोच्या हातात. तिकडे पाहायचं नाही असं ठरवून नंदाबाईंनी कान मात्र तिकडेच लावले.

“छोटेलालजी, ही हातभर लेन्स जंगलात फिरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही फोटो कायचे काढता?” दुकानदारानं विचारलं.

“सारसचे.”

“किती दुरून?”

“दूर कायले? आमच्याच धानाच्या बांधीत चरून राह्यते. मी दोन बांधींमधल्या धुऱ्यावर बसतो, दहा पावलांवर.”

“अजी, मग हिच्यात सारसचा नुसता डोळा येईल. लहान घ्या.”

“मांगं सरकीन न.”

“कोठी सरकता?” बायको म्हणाली. “मांगं तुमच्या भावाची बांधी आहे. मागच्या साली असेच सरकले त कॅमेऱ्यासकट त्याच्या पऱ्ह्यात, धानाच्या कवळ्या रोपांवर जाऊन बसले. तवापासून बोलचाल बंद आहे.”

“बाई बरोबर बोलून राहिल्या. लहानच घ्या.”

“लहान आहे न माझ्याजवळ. सारसले तेच पुरते.”

“मग ही मोठी कायले?”

“धुऱ्यावरून भावाचं आंगण दिसते. त्याले नातू झाला आहे. रोज सकाळी तेल लावून उन्हात निजवते त्याले.”

नंदाबाईंचे फोटो केव्हाचे समोर येऊन पडले होते. त्यांनी हात लावला नाही.

“ह्याच्यात लेकराचं तोंड दिसन का जी?” बायकोनं विचारलं.

“पापण्या मोजा, बाई.”

“मग बांधून द्या. पण पहिले मी पाहीन.”