हिराकाकीचं खत खोटं नव्हतं

"याच्यात जीव हाय गं, उन्हात ठेवू नको."

वीस वर्षांपूर्वी मी पोशीरला नवी सून म्हणून आले, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं शेणखत माझ्या हातात देत शेजारची हिराकाकी हे म्हणाली होती.

मंडळी, तुम्ही सगळे आलात. शेलूहून, कळंबहूनही आलात. काकीच्या शोकसभेत मी बोलायला उभी राहिले आहे. आणि खरं सांगू? नुसत्या दुःखानं नाही. रागानंही.

आत्तापर्यंत जे बोलले, ते सगळे म्हणाले, काकी देवमाणूस होती. एकानेही वालाचं नाव काढलं नाही. का नाही काढलं?

भात कापून झाला की आपण वाल पेरतो. वीतभर वाढलेली रोपं पिवळी पडायची, माना टाकायची. उपटावं तर मूळ काळं, कुजलेलं. रोग मातीतल्या बुरशीचा. काकी शेतीच्या शिबिराला गेली आणि दुसरीच बुरशी घेऊन आली. हिरवी, रोगाच्या बुरशीला खाणारी. शेणखतात मिसळायची, सावलीत गोणपाटाखाली ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. तुम्ही हसलात.

"काकी, बुरशी आली तर आमी लोणचं फेकतो, तू पाळतेस?"

"तुला नाय पाळला तुझ्या आयशीनं? मंग?"

तिचा वाल उभा राहिला. मग तुम्हीच घमेली घेऊन तिच्या परसात आलात. तिने कुणालाही रिकामं परत पाठवलं नाही. एकच सांगायची, "याच्यासंगं दुकानातली बुरशीची दवा घालू नका रं. ही बी बुरशीच हाय, मरंल."

गेल्या हंगामात काय केलंत? दोन्ही दिलं तर दुप्पट काम होईल म्हणून दुकानातली पावडर त्याच घमेल्यात कालवलीत. एकाने केलं, ते बघून अर्ध्या गावाने केलं. वाल गेला. आणि गावच्या बैठकीत म्हणालात काय? "म्हातारीनं नुसतं शेण वाटलं."

काकी समोरच होती. उठून एवढंच म्हणाली, "राखणदाराला मारलात, नि इचारता चोर शिरला कसा?" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "बस गं खाली." ती बसली. मी तिच्या शेजारीच होते. पावडरची रिकामी पाकिटं मी बांधावर पाहिली होती. तरी मी गप्प बसले. त्याची लाज आजही जात नाही.

ती आजारानं गेली. तुमच्यामुळे गेली, असं मी म्हणणार नाही. पण त्या बैठकीनंतर तिच्या परसात कुणी फिरकलं नाही. ती मात्र गोणपाटावर पाणी शिंपडत राहिली. कुणासाठी? शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून विचारलं तिनं, "माझं खत खोटं नव्हतं ना गं?" स्वतःच्याच हातांवर शंका घेऊन गेली ती. हे कुणी केलं?

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. पण सगळे एकदम उठू नका. आधी ज्यांनी ती पावडर कालवली, ते उठा. तिच्या फोटोकडे बघून मोठ्याने सांगा, चूक आमची होती. मग बाकीचे आम्ही उठू.

कुणी उठणार नाही, मला ठाऊक आहे.

मी थांबते.