फवारणी न केलेली माती

बाबांनी शेतातल्या मातीचा डबा फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला, तेव्हा ती त्यांच्यावर चिडली होती. बाबा नुसते हसले होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. दोन आठवड्यांनी तोच डबा घेऊन ती माती तपासणीच्या रांगेत उभी राहिली. पुढे एक आजोबा आणि त्यांची लेक होती.

"अण्णा, माती उन्हात वाळवलीत?"

"मग? दरवेळी वाळवूनच देतो."

"ती खतांच्या तपासणीला. या वेळी मातीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मोजायचीत. मातीतले जीव ती तयार करतात, उन्हानं ती मोडतात. माती ओली आणि थंड आणा, असं चिठ्ठीत लिहिलं होतं."

"चष्मा कुठं होता माझ्याकडे?"

"कपाळावर."

"हस, हसून घे. गव्हावरची फवारणी बंद केली तेव्हाही हसलीस."

"किडी पोसताय, म्हणाले होते मी."

"आणि आता?"

"आता उद्या सुट्टी टाकते. माती मी खणते, तुम्ही बांधावर बसून चुका काढा."

"तेवढं जमेल."

"तेवढंच तर जमतं! पण अण्णा, गहू झकास आलाय हं."

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय. पुन्हा म्हण."

बापलेक बाजूला झाले. खिडकीतल्या बाईंनी तिचा डबा घेतला.

"फवारणी केली होती?"

"नाही. बाबांनी कधी करू दिली नाही."

"शेत त्यांचंच?"

"होतं. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. मी तोंडावर कधी बोलले नाही."