नावाचं गाणं

—ह्या जुन्या कॅसेटीवरच दुसरं गाणं भरा म्हणता? न्हाई, न्हाई, संपतभाऊ, तसं नका करू. हे पाहा, कोरी कॅसेट देतो ना मी तुम्हाला, पॅकिंगची, एक रुपया घेत न्हाई — तिच्यावर तुमच्या एकट्याचं नाव घेऊन गातो. थोरल्या साहेबरावचं नाव बिलकुल येणार न्हाई. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चूल येगळी झाली, समजलं मला सगळं. पण ही जुनी माझ्याकडं राहू द्या. काहून म्हणजे? हिच्यात माझ्या बायकोचा आवाज हाये, केशरबाईचा. अन माझ्या घरात, सांगू का, तिच्या आवाजाची एकबी कॅसेट न्हाई.

हासू नका. बाराशे कॅसेटी इकल्या आम्ही — इथं कुंभार पिंपळगावच्या बाजारात, जयंतीच्या मंडपाबाहेर बाज टाकून, पार तिकडं केदारखेड्यापर्यंत — अन घरात एक न्हाई! आधी गेल्तो ना मी कॅसेटच्या कंपनीकडं, मुंबईला. तो साहेब म्हणे, तातेराव, गाणी तुमची ठेवतो, पण बाईचा आवाज खेड्यातला वाटतो, गायला आमच्या पोरी देतो. केशर तिथंच बसलेली, समोर, नव्या लुगड्यात! मी पेटी उचलली अन सरळ घर गाठलं. म्हणलं, आपली गाणी आपणच भरू, आपणच इकू. अन नावाची युक्ती तिचीच, बरं का. कार्यक्रमात कुणी दहा रुपये दिले का आपण त्याचं नाव गाण्यात घेतोच — तर ती म्हणली, कॅसेटीतबी घेऊ. घ्या! कंपनी करंल का असं? बाकीची सात गाणी माझ्या आवाजातली, ती नुसती टेपवर उतरवायची, पण पहिलं नावाचं गाणं, ते केशरनं दरवेळी नव्यानं म्हणायचं. ज्याची कॅसेट, त्याच्या घरची नावं, अन ती जायची त्याच्याच घरी. लोक नंबर लावायचे हो! साहेबरावच्या लग्नात तुमच्या मायनं, चांगुणाबाईनं, दोन्ही लेकांची नावं घालायला लावली — ती हीच.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही काहून, नवी कॅसेटबी बाईच गातील की. कुठून गातील? मी गाणार, जसं जमंल तसं. तिचा आवाज गेला, चार वर्षं झाली. बोलती ते कान जवळ नेल्याबिगर समजत न्हाई. लोक म्हणतात नजर लागली, मीबी हाव म्हणतो. कशाची नजर अन कशाचं काय! जालन्याच्या डाक्टरनं तिला बाहेर बसवलं अन मला सांगितलं — गळ्यात गाठी आल्यात, सहा महिने गाणं बंद, न्हाई तर आवाज जाईल. साफ सांगितलं. अन मी बाहेर येऊन काय म्हणलो? — काही न्हाई, उष्णता हाये, हळद-दूध घेत जाय. जयंती तोंडावर आल्ती, ऐंशी जणांची नावं राह्यलेली. म्हणलं, येवढी जयंती निघू दे. ती दिवसात बारा-बारा डाव गायली. आवंढा गिळताना डोळ्यात पाणी यायचं तिच्या, अन मी पेटीवर बसून — आणखी एक, केशर, आणखी एकच. तिच्यासाठी कंपनी सोडली म्हणून गावभर सांगत हिंडलो, अन तिचा आवाज मीच खाल्ला.

कुणाला बोललो न्हाई आजपस्तोर. तिला तर न्हाईच. तुम्हाला तरी काहून सांगून राह्यलो, कोण जाणे — थकलो आता, लपवायचाबी कंटाळा येतो. ती दळण घेऊन गेली गिरणीवर. ती घरात नसली का ही कॅसेट हळू लावून ऐकत जाईन मी, दुसरं काय? द्या. राहू द्या की हो साहेबरावचं नाव तिच्यात, भाऊच हाये तुमचा, कुणी वैरी न्हाई.

कोण हाये दारात? — केशर? कवा आलीस? डबा ठेव ना खाली. अगं, मी ह्यांना नुसतं — बस, बस अगोदर, पाणी देऊ का? ती कॅसेट कशाला उचलली? ती माझी हाये, देऊन राह्यले ते मला. अगं, त्यांच्या हातात काहून देती? ते दुसरं भरतील तिच्यावर, तू राहायची न्हाईस तिच्यात! काय? काय म्हणती? मोठ्यानं म्हण ना, केशर, ऐकू येईना मला —

…

जा, संपतभाऊ. दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. पुसा म्हणती ती.